लेकराने व्यापाऱ्याला खरं सांगितलं आणि घरात अबोला झाला

गोदाकाठ (रविवार, रात्री १०:४०)

मी परभणीत राहते, नवऱ्याचं गाव मानवत तालुक्यात. मुलगा पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण मला खरोखर सल्ला हवाय.

दिरांची नऊ एकर कोरडवाहू जमीन. पहिली वेचणी होऊन कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. दुसऱ्या दिवशी खेडा खरेदीवाला, म्हणजे दारात येऊन कापूस घेणारा व्यापारी, टेम्पो घेऊन येणार होता. रात्री जेवणं झाल्यावर दीर बादली आणि लिंबाचा डहाळा घेऊन त्या खोलीत गेले. मुलगा मागे मागे. काका कापसाचा एक थर पसरायचे, डहाळा पाण्यात बुडवून शिंपडायचे, मग वर दुसरा थर. मुलाने विचारलं, "काका, पाणी कामून मारायलात?" ते म्हणाले, "व्यापारी काट्यात मारतो, आपण पाण्यात मारायचं. हिशेब बरोबर."

सकाळी व्यापाऱ्याने कापसात कोपरापर्यंत हात घातला, आतली मूठ काढून दाबून पाहिली आणि म्हणाला, ओला वाटायलाय. दीर म्हणाले, "दव पडलं असंल मालक, थंडी सुरू झाली ना." तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेला माझा मुलगा बोलला, "दव नाही, रात्री पाणी मारलंय."

व्यापाऱ्याने क्विंटलमागे तीनशे रुपये पाडले आणि माल उचलला. दीर मुलाला रागावले नाहीत, पण निघेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, लेकरू घरभेदी निघालं. नवरा गाडीत म्हणाला, खरं बोलावं हे कबूल, पण कुठं बोलावं याचीही समज पाहिजे. मी गप्प बसले.

आता तो दिवसाआड विचारतो, "मी चुकलो का?" मी एकदा नाही म्हणाले, एकदा मोठा झालास की कळेल म्हणाले. दोन्ही उत्तरं मलाच पटलेली नाहीत. आपल्याला काय मोलाचं वाटतं हे त्याचं त्याला सापडावं अशी माझी फार इच्छा आहे. माझी यादी त्याच्या हातात द्यायची नाही. पण असा प्रसंग समोर येतो तेव्हा आईने नक्की करायचं काय?

काळी_जमीन (रविवार, रात्री ११:२५)

ताई, जालना जिल्ह्यातला कापूसवाला आहे. तुमच्या दिराच्या बाजूने चार शब्द लिहितो, राग मानू नका.

सरकारी खरेदीत, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर, मीटर लावून ओलावा बघतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, १२ च्या पुढे माल परत. तिथं पाणी मारून काही साधत नाही. पण त्या केंद्रावर जायचं तर सातबारा, नोंदणी, गाडीभाडं आणि रांग. ज्याला दिवाळीआधी दुकानदाराची खताची उधारी द्यायचीय तो दारात आलेल्या टेम्पोला माल देतो. दारातल्या खरेदीत मीटर नाही. काटा व्यापाऱ्याचा, तोलणारा माणूस त्याचा आणि आकडा लिहिणाराही त्याचाच. आमच्याकडे एका खेपेला घरी मोजलेलं चाळीस किलोचं गाठोडं त्याच्या काट्यावर सदतीस भरलं. बोललो तर म्हणे, नसंल द्यायचं तर राहू द्या.

पाणी मारणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, रुईची प्रत जाते, आणि मग सगळ्या गावाच्या मालाला नाव बसतं. मी स्वतः बारा वर्षं झाली मारत नाही. पण लेकराला फक्त बादली दिसली, काटा दिसला नाही. त्याला काटाही दाखवा. निम्मी गोष्ट बघून काकाचा निकाल लावायला दहा वर्षांच्या लेकराला बसवू नका.

लातूर_बार्शी_रोड (सोमवार, सकाळी ७:१०)

गोदाकाठ, वाचून पोटात कालवलं. आमच्या घरी तर असा प्रसंग यायलाच जागा नाही. मुलगी आठवीत, सकाळी शाळा, दुपारी फाउंडेशनचा क्लास, संध्याकाळी टेस्ट सिरीज. लातूरला आठ वर्षं झाली येऊन, शिकवणीसाठीच आलो. परवा तिला सहज विचारलं, तुला काय आवडतं गं? ती म्हणाली, "कशात?" मी विषय बदलला, पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्या लेकराला दिवसभरात एकही गोष्ट स्वतः ठरवावी लागत नाही, त्याला स्वतःची मूल्यं सापडणार तरी कुठं?

झेडपी_गुरुजी (सोमवार, दुपारी ३:०५)

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर एकवीस वर्षं आहे. गोदाकाठताई, एक विचारू? तो का बोलला, हे तुम्ही त्याला विचारलंत का? खरेपणासाठी बोलला असं आपण सगळ्यांनी धरून चाललोय. त्याने ते सांगितलंय कुठं?

नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गाच्या भिंतीवर दहा मूल्यं रंगवलेली होती. श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता वगैरे. परिपाठाला लेकरं एका सुरात म्हणायची. श्रमप्रतिष्ठा म्हणजे काय विचारलं की "श्रमाला प्रतिष्ठा देणे सर" असं उत्तर यायचं, आणि त्याच दुपारी वर्ग झाडायची पाळी आली की मुलं झाडू मुलींच्या हातात द्यायची.

२००९ ला आमच्या बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत मूल्यवर्धन सुरू झालं. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा उपक्रम, पुढे राज्यभर गेला. त्यात भाषण नाही. लेकरांनी जोडीने बोलायचं, गटात ठरवायचं, खेळायचं, मग काय झालं ते सांगायचं. पहिले दोन महिने मला फार जड गेलं, कारण गप्प बसायची सवयच नव्हती.

एक दिवस खिचडीच्या रांगेवरून भांडण झालं. एरवी मी छडी आपटून रांग लावली असती. त्या दिवशी म्हणालो, नियम तुम्हीच करा. एक गट म्हणाला, पहिलीची लेकरं आधी. एक म्हणाला, जो आधी आला तो आधी. तिसरीतली एक पोरगी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी, म्हणाली, "जो सकाळी न जेवता आला तो आधी." सगळे गप्प. मग तिच्याच शेजारची म्हणाली, "पण ते सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटते." अर्धा तास गेला, गणिताचा तास बुडाला. शेवटी ठरलं की पहिलीची लेकरं आधी, आणि वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा वाढताना कुणालाच "अजून पाहिजे का" विचारायचं नाही, नुसता खिचडीचा डाव पुढे करायचा. नको असेल त्याने ताटावर हात धरायचा. मागावं लागू नये म्हणून. हा नियम आठ-दहा वर्षांच्या लेकरांनी केलाय. संवेदनशीलता हा शब्द त्या दिवशी वर्गात कुणीच उच्चारला नाही.

लातूरच्या ताई, तुमच्या लेकीला रोज एक तास असा द्या की जो कसा घालवायचा ते तीच ठरवेल. सुरुवातीला ती नुसती बसून राहील. बसू द्या.

संभाजीनगर_समुपदेशन (सोमवार, रात्री ९:५०)

शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. गुरुजींचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला, त्यालाच थोडी जोड देते.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक विचारांवर लिहिलं. ते मुलांना दोन गोष्टी सांगायचे. एका मुलाच्या हातून दार उघडताना चुकून पंधरा कप फुटतात. दुसऱ्याचा, चोरून मुरंबा काढताना, एक कप फुटतो. जास्त चूक कुणाची? लहान मुलं बहुधा पंधरा कपवाल्याची म्हणतात, कारण नुकसान मोठं. थोडी मोठी झाली की मनात काय होतं हे बघायला लागतात. दहाव्या वर्षी लेकरू बहुधा या दुसऱ्या टप्प्यावर असतं, म्हणून "तुझ्यामुळे क्विंटलला तीनशे गेले" हे त्याला पुरं उत्तर वाटत नाही.

पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी मुलांपुढे पेच ठेवले आणि मूल काय उत्तर देतं यापेक्षा का देतं हे तपासलं. त्यांच्या मूळ अभ्यासात सगळे मुलगेच होते. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यावर बोट ठेवलं: न्यायाइतकंच नात्याची काळजी घेणं हाही नैतिक विचार आहे, आणि कोलबर्ग यांच्या मोजपट्टीत तो कमी भरतो. गोदाकाठ, तुमच्या मुलाच्या पोटात या दोन्ही गोष्टी एकदम आल्या असणार. काकावर त्याचा जीव आहे ना?

विचारताना "का केलंस" असं विचारू नका, मुलाला ती उलटतपासणी वाटते. "तू उंबऱ्यावर बसला होतास तेव्हा काय काय दिसत होतं?" इथून सुरुवात करा. भाजी निवडताना, गाडीवर जाताना, म्हणजे तोंडासमोर तोंड नसताना लेकरं मोकळी बोलतात. आणि त्याने काही सांगितलं की लगेच त्याला नाव देऊ नका. "म्हणजे तुला प्रामाणिकपणा आवडतो" असं म्हटलंत की तो हो म्हणेल आणि शोध तिथंच थांबेल.

उसाचा_फड (मंगळवार, सकाळी ६:३०)

माझे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर. मी चौथीपर्यंत त्यांच्यासोबत होतो. पहाटे चारला ते फडात जायचे, मी कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, दोन वर्षांच्या बहिणीला सांभाळायचो. चुलीवर पाणी तापवायचो, तिला उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर निजवायचो. पुढे मामाने गावी ठेवून घेतलं म्हणून शिकलो, आज नोकरी करतो.

लोक म्हणायचे, काय जबाबदार पोरगं आहे. मीही तेच माझं मूल्य समजत होतो. मुलगी झाल्यावर तिलाही तेच द्यायला लागलो. सहावीत तिला कबड्डीच्या संघात घेतलं तेव्हा मी नाही म्हणालो, धाकट्याला शिकवणीला कोण सोडणार म्हणून. ती रडली नाही. मुकाट्याने बूट काढून कोपऱ्यात ठेवले. तसं मुकाट्याने ठेवणं मी ओळखलं, कारण सहा वर्षांचा असताना मी तसाच गप्प बसायचो.

माझी जबाबदारी मी निवडलेली नव्हती. आईवडिलांनी आगाऊ घेतलेली उचल फेडायची म्हणून ती माझ्या अंगावर पडली होती. बहिणीवर माझी माया आहे, ती मात्र माझी स्वतःची. दोन्हीतला फरक कळायला मला पस्तीस वर्षं लागली. मुलगी आता खेळते, धाकट्याला मी सोडतो, ऑफिसला वीस मिनिटं उशीर होतो.

लेकरात एखादा गुण दिसला की आपण खूश होतो. तो गुण आहे की भीतीने आलेलं शहाणपण, हे एकदा बघावं एवढंच सांगायचं होतं.

औशाची_आज्जी (मंगळवार, दुपारी १:१५)

नातू टाईप करून देतोय. मी बोलते तसं लिही म्हटलंय.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. किल्लारीचा भूकंप. आमचं गाव तिथून जवळच. गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. आमचं घर दगडमातीचं, अर्धं बसलं. आम्ही अंगणाच्या बाजूला होतो म्हणून वाचलो. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची.

पुढं आठ-दहा दिवसांनी सगळीकडं ढिगारे, आणि ढिगाऱ्यात भांडी. आपल्याकडं भांड्यावर नाव कोरलेलं असतं ना, लग्नातलं, बारशातलं. ही पोरगी दुसरीत, नुकतीच वाचायला शिकलेली. ती भांडी उचलायची, फ्रॉकनं पुसायची, नाव वाचायची आन् ज्याचं त्याला नेऊन द्यायची. पत्र्याच्या शेडात लोक राहायले होते, ती शेडाशेडानं फिरायची. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हाला आमच्याच दुःखातून डोकं वर काढायला येईना. मी एकदा म्हणाले, कामून फिरायलीस उन्हात? ती म्हणाली, "नाव हाय ना त्याच्यावर."

एक तांब्या राहिला. ज्या घराचं नाव होतं त्या घरात कुणीच उरलं नव्हतं. तिनं विचारलं, "आई, हे आता कुणाला द्यायचं?" मला उत्तर आलं नाही. मी तिच्यासंगं शेडाशेडानं हिंडले, कुणी भाऊबंद लागतंय का बघायला. कुणी सापडलं नाही. तो तांब्या आम्ही वापरला नाही, विकला नाही. अजून माझ्या देवळीत हाय.

बाई, मी तिला काय शिकवलं म्हणशील तर काहीच नाही. उत्तर येत नव्हतं तर संगं चालले. तू पण लेकराला उत्तर देण्याची घाई करू नको. त्याच्या काकाकडं त्याला घेऊन जा.

झेडपी_गुरुजी (मंगळवार, रात्री ८:४०)

आज्जी, नमस्कार करतो. तांब्याचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

आपल्याच मुलखातली गोष्ट आठवली. तेरच्या गोरोबाकाकांनी, कुंभारच ते, मडकी थापायचं थापटणं घेऊन जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव फार दुखावले. पुढे औंढ्याला गेले तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय बाबा, जिथं पिंड नाही तिथं तूच उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथं पिंड. मला या कथेत नेहमी वाटतं की थापटण्याने नामदेव रुसले आणि पाय उचलल्याने शिकले. आपण आईबाप बहुतेक वेळ थापटणं घेऊनच बसलेलो असतो. कच्चं की पक्कं, एवढंच बघत.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री ११:०५)

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. काल संध्याकाळी मेथी निवडायला त्याला जवळ बसवलं आणि संभाजीनगरच्या ताईंनी सांगितलं तसं विचारलं, उंबऱ्यावरून काय काय दिसत होतं?

पहिल्यांदा टेम्पोचा नंबर सांगितला. मग व्यापाऱ्याच्या हातातलं कडं. मग बराच वेळ नुसती पानं खुडत बसला. मग म्हणाला, "काका त्याला मालक म्हणत होते." मी म्हटलं, मग? "काका कुणालाच मालक म्हणत नाहीत. बैल अंगावर आला तरी काका मागं सरकत नाहीत. त्याच्यासमोर असे करत होते," आणि त्याने खांदे आत ओढून, मान खाली घालून दाखवली. "मला ते बघवेना. मला वाटलं खरं सांगून टाकलं की काकाला तसं बोलावं लागणार नाही."

मी पाच दिवस प्रामाणिकपणा धरून बसले होते. नवऱ्याने व्यवहारज्ञान धरलं, सासूबाईंनी घरनिष्ठा. त्याच्या मनात यातलं काहीच पहिलं नव्हतं. त्याला काकाची मान खाली गेलेली सहन झाली नाही. गुरुजी, तुम्ही विचारलं नसतं तर मी हे कधीच ऐकलं नसतं.

मी नाव दिलं नाही. फक्त सांगितलं की काका तसं का बोलले असतील ते तुला कळावं म्हणून एक गोष्ट सांगते, आणि काळी_जमीन यांचा निरोप वाचून दाखवला. सदतीस किलोपाशी त्याने थांबवलं. "म्हणजे काटाच खोटा?" मग म्हणाला, "आपलाच काटा असला तर पाणी पण मारावं लागणार नाही आणि मालक पण म्हणावं लागणार नाही."

त्यानेच काकाला फोन लावला. मी लावला नाही, नवऱ्यालाही लावू दिला नाही. तो म्हणाला, "काका, सगळ्यांसमोर बोललो त्याचं मला वाईट वाटतं. तुम्हाला एकट्याला सांगायला पाहिजे होतं." पलीकडून काही आवाज नाही. मग त्याने विचारलं, "काका, काटा केवढ्याला येतो?" दीर म्हणाले, बघतो. एवढंच. पण आज सकाळी सहाला त्यांचा फोन. शेजाऱ्याकडे टांगायचा स्प्रिंगचा ताणकाटा आहे, दुसरी वेचणी चालू आहे, रविवारी लिहायला पोराला पाठव.

नवऱ्याने हे सगळं ऐकलं आणि रात्री जेवताना मुलाला एवढंच म्हणाला की तू बोललास ते चुकीचं नव्हतं, मी गाडीत घाईने बोललो.

काळी_जमीन (शुक्रवार, सकाळी ६:५०)

ताई, डोळ्यात पाणी आलं. भाऊला माझा रामराम सांगा. कामाचं एक सांगतो. ताणकाट्याची स्प्रिंग सैल झालेली असू शकते, त्याच्या भरवशावर व्यापाऱ्याशी भांडू नका. एक वीस किलोचं शिक्क्याचं लोखंडी वजन मिळवा. आधी ते आपल्या काट्याला लावून बघा, फरक असेल तर वहीत लिहा. व्यापारी आला की तेच वजन, माल चढवायच्या आधी, त्याच्या काट्यावर ठेवा. भांडायची गरज पडत नाही, आकडा सगळ्यांसमोर दिसतो. त्याच्या काट्यावर वैधमापन विभागाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का कोणत्या सालचा आहे तेही बघायचं. हे सगळं लेकराच्या हातून करवा, त्याला आवडेल. आणि कापूस दोन दिवस उन्हात पसरून वाळवून द्या, मग कोपरापर्यंत हात घालू द्या त्याला.

लातूर_बार्शी_रोड (शुक्रवार, रात्री ९:३०)

चार दिवस झाले, मुलीला सहा ते सात मोकळा तास दिलाय. तीन दिवस नुसती गच्चीवर बसली. आज खालच्या वॉचमनच्या मुलाला पाढे म्हणवून घेत होती. मी काही बोलले नाही, चहा ठेवून आले.

गोदाकाठ (शनिवार, रात्री १०:१५)

वजन मिळालं, ओळखीच्या किराणा दुकानदाराने दोन दिवसांसाठी दिलंय. मुलाने वहीत रकाने आखलेत: तारीख, गाठोडं नंबर, घरचं वजन, त्याचं वजन, फरक. पहिल्या पानावर वर वीस किलोच्या वजनाची ओळ वेगळी केलीय. उद्या सकाळच्या एसटीने निघतोय.

सासूबाई अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्याने आज विचारलं, आजीसाठी काय नेऊ? मी म्हटलं, तूच ठरव. पेरू घेतलेत, मऊ बघून, कारण तिला दात कमी आहेत.